अडकित्त्यावरचा पक्षी

सुपारी कातरण्यासाठी अडकित्त्याला फार थोडे लागते. एक धारदार पाते, त्याखाली सुपारी धरण्यापुरती जागा आणि मुठीत मावतील अशा दोन दांड्या एवढे असले की काम भागते. असे असूनही जुने अडकित्ते पाहू गेल्यास एखाद्याच्या माथ्यावर पक्षी बसलेला आढळतो, एखाद्याच्या दांडीला घोड्याच्या मानेचा बाक दिलेला असतो, तर एखाद्याला चिमुकली घुंगरे लावलेली असतात. पक्ष्यामुळे सुपारी अधिक बारीक कातरली जात नाही, की घुंगरांमुळे विडा अधिक रंगत नाही. मग हा खटाटोप त्या कारागिराने कशासाठी केला असेल? गिऱ्हाइकाने चार पैसे अधिक दिले असतील, हे उत्तर सोपे आहे आणि काही अंशी खरेही असेल. पण त्या गिऱ्हाइकाला तरी तो पक्षी हवासा का वाटला, याचा उलगडा त्या उत्तराने होत नाही. दिवसातून चारदा हाताशी येणारी वस्तू डोळ्यांनाही सुखवीत यावी, एवढीच त्या दोघांची इच्छा असावी.

ही इच्छा ज्याला नेमकी ओळखता आली, असा एक गृहस्थ पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांच्या घरचा व्यवसाय होता चष्म्यांचा. इतरांना नीट दिसावे म्हणून भिंगे पुरवणाऱ्या या घरात एक असा मुलगा निपजला की ज्याला चष्मा लावूनही लोकांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या! सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि जडजवाहीर यांच्यामागे लागलेले धनिक संग्राहक त्या काळीही होते. केळकरांचे मन विशेष रमले ते समयांत, लामणदिव्यांत, अडकित्त्यांत, पाय घासण्याच्या वज्र्यांत, वाद्यांत आणि कोरीव दारांत. ज्या वस्तू जुन्या झाल्या म्हणून माळ्यावर फेकल्या जात होत्या किंवा मोडीच्या भावाने तांबटाकडे वितळायला जात होत्या, त्या शोधण्यासाठी ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा लहानगा मुलगा राजा अकाली गेला. त्याचेच नाव पुढे या संग्रहाला दिले गेले. हा सारा ठेवा केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांतील बहुतेकांच्या कर्त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत.

अशी हकिकत सांगून झाली की, ‘पाहा, छंदामुळे मनुष्य केवढा मोठा होतो!’ असे म्हणण्याचा मोह वडीलधाऱ्यांना होतो. हा मोह आवरलेला बरा. पहिल्या वर्षी जेव्हा केळकरांजवळ मूठभर वस्तू असतील, तेव्हा त्यांचे पुढे संग्रहालय होणार आहे हे कोणाला माहीत होते? एखादी काळवंडलेली समई चिंचेने घासता घासता तिच्यावरचा हंस हळूहळू उजळून येतो, तो क्षण त्यांना जसा मिळाला तसाच तो ज्याच्या घरी एकच समई आहे त्यालाही मिळू शकतो. कीर्ती ही छंदाला क्वचित लागणारी फळे. त्या फळांच्या आशेने जो झाड लावील त्याची बहुधा निराशा होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे झाडाच्या सावलीत बसायचे तो विसरून जाईल. आगपेट्यांची चित्रे, पोस्टाची तिकिटे, नदीतले गोटे किंवा पक्ष्यांची गळालेली पिसे जमवणारी असंख्य मुले या महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांच्या पेट्या पुढे कोठे गेल्या कोण जाणे! म्हणून त्यांचा वेळ वाया गेला, असा हिशेब कोणी करू नये.

छंदातील आनंद हा लाभात नसून लक्ष लावून पाहण्यात आहे, हे समजण्यास पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या आयुष्यातील एक पावसाळा उपयोगी पडेल. एका चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून लहानपणीच त्यांना पक्ष्यांचे वेड लागले होते. त्या विद्येचे अधिक शिक्षण घेऊन १९३० साली ते जर्मनीहून परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली! नोकरी गेलेल्या माणसाने हातपाय गाळून बसावे, असाच तो प्रसंग होता. ते अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली आडोशाला बसून ते खोपे पाहू लागले. एक दिवस नव्हे, एक आठवडा नव्हे. पक्ष्यांचे ते सारे बांधकाम व त्यांचा सारा संसार त्यांनी दिवसामागून दिवस टिपून ठेवला.

त्यांना जे दिसले ते मोठे गमतीचे होते. खोपा विणतो तो नर. तो अर्धा झाला की माद्या येऊन त्याची पाहणी करतात. आत शिरतात, चोचीने ओढून पाहतात, आणि पसंत न पडल्यास सरळ उडून जातात. मग तो अर्धवट खोपा तसाच वाऱ्यावर लोंबत राहतो. एखादीने पसंत केला की नर खाली लांब नळीचे प्रवेशद्वार विणून घर पुरे करतो. आणि ती अंडी उबवू लागते न लागते तोच हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी! हे सारे शेकडो वर्षे माणसांच्या डोळ्यांदेखत, विहिरींच्या काठी आणि बाभळींच्या फांद्यांवर चालले होते. लोकांनी त्या पक्ष्याला ‘सुगरण’ असे स्त्रीलिंगी नाव देऊन सगळे श्रेय मादीच्या पदरात टाकले होते. बेकारीच्या त्या दिवसांत सालिम अलींच्या गाठी पैसा जमला नाही. पण आपले दिवस फुकट गेले असे त्यांना खचित वाटले नसेल.

त्याच पक्ष्याकडे, किहीमपासून कितीतरी दूर, खानदेशात आणखी एक व्यक्ती टक लावून पाहत होती. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा जन्म जळगावजवळच्या आसोदे गावचा. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आले. शेताचे आणि घराचे काम जन्मभर सुटले नाही. ते काम करता करताच त्या कविता रचीत, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातील माणसे त्या उतरवून घेत. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांची कविता महाराष्ट्रातील लहानथोरांना परिचित आहे. खोप्याचे श्रेय लोकरीतीप्रमाणे त्यांनीही मादीलाच दिले, आणि शास्त्राच्या कसोटीला ते उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र एवढ्याशा चोचीने एवढे विणकाम कसे होते, हा विस्मय दोघांचाही एकच होता. एकाने तो नोंदवहीत मांडला, दुसरीने ओवीत.

लहान गोष्टींतला आनंद स्वस्त असतो, असे म्हणतात. त्याला पैसा लागत नाही, एवढ्यापुरते ते खरे आहे. त्याची किंमत अवधानाच्या रूपाने मोजावी लागते आणि हे नाणे सर्वांजवळ सारखेच असले, तरी ते खर्च करण्याची तयारी फार थोड्यांची असते. पहिल्या पावसानंतर मातीला सुटणारा वास, चुलीवरच्या भाकरीचा टम्म फुगलेला पापुद्रा, कोरे पुस्तक उघडताना येणारा शाईचा गंध, थंडीच्या सकाळी शेकोटीभोवती मिळालेली हातभर जागा यांपैकी कशालाही तिकीट नाही. पण मन दुसरीकडे असेल तर यांतले काहीही मिळत नाही. आजकाल तर मनुष्य इंद्रधनुष्य दिसताच डोळ्यांपुढे मोबाइल धरतो आणि चित्र नीट आले की नाही हे खाली मान घालून तपासतो. तोवर वरचे इंद्रधनुष्य विरून गेलेले असते. यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. सालिम अलींजवळ असे साधन असते तर त्यांनी त्याचा उत्तम उपयोग केला असता. फक्त त्यांनी अगोदर पाहिले असते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सारे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे, त्याला मातीच्या वासाचे कौतुक सांगणे ही थट्टा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. लहान आनंदांची थोरवी गाऊन जो कोणी गरिबाला ‘तू आहेस तसाच सुखी राहा’ असे सांगेल, तो त्याचा मित्र नव्हे. भूक ही अन्नानेच भागते आणि अन्याय हा दूरच करावा लागतो. परंतु कष्टकऱ्यांना आनंद निर्माण करता येत नाही, असे मात्र या आक्षेपातून ध्वनित होत असेल तर ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या? पहाटे उठून, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी शेर-शेर दळण दळणाऱ्या बायकांनी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, विठ्ठल आहे, सासरचा जाच आहे, भावाचे कौतुक आहे आणि रामाने वनात धाडलेल्या सीतेचे दुःखही आहे. पीठ हे घरच्यांसाठी होते. ओवी त्या बाईची स्वतःची होती. आता घरोघरी गिरण्यांचे पीठ आले आणि जाती कोपऱ्यात गेली. त्या कष्टांतून सुटका झाली हे फार चांगले झाले, आणि जाते पुन्हा ओढावे असे कोणी म्हणू नये. ओव्यांच्या जागी त्या घरांत काय आले, एवढे मात्र विचारण्यासारखे आहे.

जड जात्याचा खुंटा पुष्कळदा दोघी मिळून ओढीत. एकीने ओवीची पहिली ओळ उचलावी आणि दुसरीने ती पुरी करावी. आनंद एकट्याचा असू शकतो, पण त्याला कोणी झेलणारे भेटले म्हणजे तो वाढतो. आश्विनातील भोंडला पाहावा. पाटावर हत्तीचे चित्र, त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या मुली, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याची झुंबड! डबा हलवून त्याचा आवाज ऐकायचा, ‘गोड की तिखट?’ म्हणून खोदून खोदून विचारायचे, आणि शेवटी ‘हरलो’ म्हटल्यावर डब्यातून निघते ती वाटली डाळ किंवा करंजीचा तुकडा. हाच पदार्थ घरी ताटात वाढला असता तर त्याच मुलींनी नाक मुरडले असते. खिरापतीची चव डाळीत थोडी आणि मैत्रिणींत अधिक असते.

हीच गोष्ट मोठ्यांच्या बाबतीतही खरी आहे. १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आणि त्यांचे काही मित्र रविवारी चहाच्या निमित्ताने जमू लागले. कोणी नवी कविता आणावी, ती म्हणून दाखवावी, इतरांनी तिच्यातील गुणदोष सांगावे, असा त्यांचा क्रम. त्यांतूनच ‘रविकिरण मंडळ’ उदयास आले. कविता गाऊन लोकांपुढे नेण्याची जी प्रथा महाराष्ट्रात रूढ झाली, तिचे मोठे श्रेय या मंडळीकडे जाते. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. आचार्य अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह १९२५ साली काढून त्यांच्या लकबींची यथेच्छ टिंगल केली. आणि मराठी वाचकाने रसिकपणाने ती कविताही जपली आणि ती टिंगलही. चांगल्या मित्राचे एक लक्षण या चहाच्या बैठकींत सापडते. तो नुसता ‘वा, वा!’ म्हणून मोकळा होत नाही. ‘ही दुसरी ओळ अजून लंगडते आहे,’ असे सांगायला तो कचरत नाही, आणि ती ओळ सुधारली म्हणजे लिहिणाऱ्याइतकाच तोही खुलतो. हजारो अनोळखी लोकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांपेक्षा अशा एका मित्राचे बोलणे अधिक काळ पुरते.

निर्मितीच्या आनंदाचे सर्वांत शुद्ध उदाहरण मात्र कवींच्या बैठकीत शोधण्याची गरज नाही. ते सकाळी सकाळी दारातच पाहावयास मिळते. सडा घातलेल्या अंगणात एखादी बाई ठिपके मांडते. चिमटीतून रांगोळी सुटते; रेषा वळते, दुसरीला मिळते, आणि पाहता पाहता कमळ उमलते. हे कमळ किती वेळ टिकणार? दूधवाला येईल, शाळेची मुले धावतील, वारा सुटेल. संध्याकाळपर्यंत पांढरट फराटे राहतील आणि दुसऱ्या दिवशी झाडूने तेही निघून जातील. हे तिला पहिला ठिपका ठेवतानाच ठाऊक असते. तरी एखादी रेषा वाकडी गेली तर ती बोटाने पुसून पुन्हा काढते. संध्याकाळी जे राहणारच नाही, त्यातली एवढीशी चूक तिला सकाळी खपत नाही! ज्यांची कामे पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाची असतात, त्या मोठमोठ्या कंत्राटदारांनी या बाईजवळ घटकाभर बसावे.

छंदांचे हे जग आता शाळेच्या वेळापत्रकात आणि गुणपत्रिकेतही आले आहे. शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणीबद्दल, तसेच शास्त्रीय संगीत, नृत्य व लोककला यांतील प्रावीण्याबद्दल दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण दिले जातात. या योजनेमागील हेतू चांगला आहे. चित्रे काढणाऱ्या मुलाला ‘अभ्यास सोडून हे काय?’ म्हणून जेथे पूर्वी बोलणी खावी लागत, तेथे आता त्याला स्वतः वडील रंगपेटी आणून देतात. कित्येक खेडेगावांतील मुलामुलींच्या हाती कुंचला आला तो या परीक्षांमुळेच. ते गुण बंद करावेत असे म्हणणे दुराग्रहाचे होईल.

परंतु गुणांच्या पाठोपाठ शिकवण्या आल्या, शिकवण्यांच्या पाठोपाठ ठरावीक साचे आले. परीक्षेत यावयाचे ते स्थिरचित्र, त्यातली ती मडकी आणि तीच केळी मुले वर्षभर गिरवितात. आणि अपेक्षित श्रेणी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी कितीतरी घरांतील रंगपेट्या कायमच्या मिटतात. काम झाले, आता रंग कशाला? त्या मुलाचे हात चांगले तयार झालेले असतात आणि नेमक्या त्याच वेळी ते थांबतात. ज्या छंदाने त्याला साठाव्या वर्षीही सोबत केली असती, तो पंधराव्या वर्षी गुणांच्या बदल्यात विकला जातो, आणि हा सौदा फायद्याचा झाला असे घरातील सर्वांना वाटते.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि त्याला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. चित्रकलेच्या दोन वह्या असाव्यात. एक शाळेची, तिच्यातील मडक्यांवर शिक्षकांनी खुशाल लाल शाईने शेरे लिहावे. दुसरी वही कोणी तपासू नये, पाहुण्यांपुढे ठेवू नये, कोठे पाठवूही नये. तिच्यात निळी म्हैस असेल, खिडकीएवढा मुंगळा असेल, किंवा सुगरणीचा अर्धवट खोपा असेल. त्या वहीवर नाव घालावयाचे की नाही, आणि ती कोणत्या एका मित्राला दाखवावयाची, हे त्या मुलानेच ठरवावे.